गाडी बंद, इंजिन थंड

दुचाकी रस्त्याला टेकते ती दोनच ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाणी तळहातापेक्षाही लहान अशा रबराच्या तुकड्यावर. ब्रेक लागणे, वळण घेणे, पावसात न घसरणे, हे सारे त्याच दोन तुकड्यांच्या भरवशावर. तरीही एकदा सर्व्हिसिंग झाले की पुढचे काही महिने टायरकडे कोणी वाकून पाहत नाही. खरे तर ही पाहणी आठवड्यातून दहा मिनिटांत घरी होऊ शकते. नव्याने सुरुवात करणाऱ्याने एकच नियम पाळावा : गाडी बंद, इंजिन थंड. त्यामुळे मोजमाप बरोबर येते आणि बोटेही शाबूत राहतात.

पहिले काम हवेचे. गाडी धावली की टायर तापतो आणि आतल्या हवेचा दाब वाढतो. दाब ३० पीएसआयच्या आसपास असेल, तर तापमान १० अंश सेल्सिअसने वाढताच तो सुमारे दीड पीएसआयने चढतो. म्हणून हवा सकाळी, गाडी बाहेर काढण्यापूर्वी, स्वतःच्या छोट्या गेजने मोजावी. किती हवा हवी ते गाडीच्या माहितीपुस्तिकेत असते; मागे कोणी बसणार असेल तर मागच्या चाकाचा आकडा बहुधा वेगळा असतो. हवा कमी असली की टायर जास्त दबतो, तापतो, लवकर झिजतो आणि पेट्रोलही जास्त लागते.

मग टायरच्या खाचा पाहाव्यात. ओल्या रस्त्यावरचे पाणी या खाचांतून बाहेर फेकले जाते, म्हणून रबर जमिनीला धरून राहते. खाचांच्या तळाशी मधूनमधून बारीक उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या पातळीला आला, की तो बदलायचा. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. ‘२४२३’ म्हणजे २०२३ सालच्या २४व्या आठवड्यात बनलेला टायर. रबर न वापरताही कडक होते, म्हणून हा आकडा माहीत असावा.

डिस्क ब्रेक असेल तर हँडलजवळच्या छोट्या डबीतील ब्रेक ऑइलची पातळी खुणेच्या वर आहे का, ते पाहावे. हे तेल हवेतला ओलावा शोषते. प्रचलित ‘डॉट ४’ प्रकारचे नवे तेल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा मुरल्यावर ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते. लांबच लांब घाट उतरताना ब्रेक तापले आणि तेलात वाफेचे बुडबुडे झाले, तर लिव्हर दाबूनही ब्रेक नीट लागत नाही. तेल काळपट दिसले किंवा लिव्हर मऊ लागला, तर गाडी मेकॅनिककडे न्यावी. हे तेल बदलणे नवशिक्याचे काम नव्हे.

सर्वांत जास्त सांभाळायचे ते मोटारसायकलची चेन साफ करताना. गाडी मेन स्टँडवर लावून, गिअर टाकून, फिरत्या चेनला फडके लावण्याची सवय अनेकांना असते. फडके अडकले की बोटे चेन आणि दातेरी चक्राच्या मध्ये ओढली जातात. धोका दिसल्यापासून हात मागे घ्यायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. तेवढ्यात इंजिन अगदी हळू चालत असले, तरी चेन बोटभर पुढे सरकलेली असते. म्हणून किल्ली खिशात, गिअर न्यूट्रलमध्ये आणि एका हाताने मागचे चाक सावकाश फिरवत, चक्रापासून दूर, चेनच्या मधल्या भागावर ब्रश चालवावा. दुर्दैवाने बोट तुटलेच, तर ते स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावे. ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवून जखमीसह तातडीने रुग्णालय गाठावे. बोट थेट बर्फावर ठेवू नये.

आणखी तीन गोष्टी आरोग्याच्या. वापरलेल्या इंजिन ऑइलचा त्वचेशी वारंवार संपर्क घातक असतो. हातमोजे घालावेत, नंतर हात साबणाने धुवावेत, आणि हे तेल गटारात ओतू नये. ब्रेकजवळची धूळ फुंकून उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. बंद गॅरेजमध्ये किंवा जिन्याखाली इंजिन चालू ठेवू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोके दुखू लागले, गरगरले, तर आधी मोकळ्या हवेत यावे.

पाहणीची तारीख, हवेचा आकडा आणि किलोमीटर एका वहीत लिहून ठेवावेत. एकाच चाकातली हवा दर आठवड्याला उतरताना दिसली, तर तिथे बारीक पंक्चर किंवा खराब व्हॉल्व्ह आहे हे वहीच सांगते. मग पावसात, वाटेत अडकण्याआधीच ते दुरुस्त करून घेता येते.