ताप उतरला, पण धावायचे कधी?

थंडीची चाहूल लागली की पैठणमध्ये पहाटे धावणारी मुले दिसू लागतात. कुणी पोलीस भरतीची तयारी करतो, कुणी २१ किलोमीटरच्या अर्धमॅरेथॉनची. मग दवाखान्यात हमखास प्रश्न येतो, ''डॉक्टर, कालच ताप उतरला. रविवारी शर्यत आहे. पळू ना?''

काही वर्षांपूर्वी अशाच एका मुलाला मी ''पळ, पण जपून'' असे सांगितले होते. चार दिवस ताप होता. शर्यतीच्या सकाळी तापाची गोळी घेऊन तो धावला आणि पंधराव्या किलोमीटरला कोसळला. सलाईन लावल्यावर सावरला. चूक माझी होती. मी थर्मामीटर पाहिला, नाडी नीट मोजली नाही.

वाचकहो, ताप उतरला म्हणजे आजार पुरता गेला असे नव्हे. घामावाटे पाणी व क्षार गेलेले असतात, जेवण तुटलेले असते. शिवाय काही विषाणू हृदयाच्या स्नायूला सूज आणतात. त्यावर धावण्याचा ताण पडला, तर ठोके बिघडून धडधाकट तरुणही दगावू शकतो. गोळीने ताप दबतो, आजार नव्हे. मुंबईत २०१४ च्या पोलीस भरतीत पाच किलोमीटरच्या दौडीत काही उमेदवारांचे प्राण गेले. तेव्हा उन्हाची चर्चा झाली; पण तरुण शरीरालाही मर्यादा असते, हा धडा सर्वांसाठीच आहे.

नुसती सर्दी, शिंका असतील तर हळू धावायला हरकत नाही. ताप, अंगदुखी, छातीतला खोकला किंवा जुलाब असतील तर मुळीच धावू नये. सकाळी अंथरुणातच मिनिटभर नाडी मोजावी. नेहमीपेक्षा दहा ठोके जास्त असतील तर विश्रांती घ्यावी. गोळीविना ताप नाही, असे आठवडाभर जाऊ द्यावे. मग आधी चालणे, नंतर सावकाश धावणे आणि शेवटी शर्यत. डेंग्यू, टायफॉईडनंतर डॉक्टरांना विचारल्याशिवाय धावू नये. छातीत दुखणे, धडधड, धाप वा भोवळ असेल तर लगेच ईसीजी काढावा.

आषाढीला नाथांच्या पालखीबरोबर पायी निघणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे.

त्या मुलाने पुढच्या वर्षी तीच शर्यत पुरी केली. निघण्यापूर्वी तो नाडी मोजून घ्यायला आला होता.