ठिपके किती आणि कोठे?

आमच्या वाचकभगिनी ठिपक्यांची रांगोळी काढतात तेव्हा ठिपका ही केवळ खूण असते. वळण बोटांचे असते. यंत्राला अशी बोटे नाहीत. संगणकाच्या आज्ञेने धातू कोरणाऱ्या यंत्राला वक्र पृष्ठभाग घडवावयाचा असला, की त्याला बहुधा बिंदूंची एक लांबलचक माळ दिली जाते आणि हत्यार एका बिंदूपासून दुसऱ्याकडे सरळ रेषेतच सरकते. आपण जिला गोलाई म्हणतो, ती प्रत्यक्षात बारीक बारीक सरळ तुकड्यांची बनलेली असते.

या विद्येचा उगमही बिंदूंच्या हिशेबातच आहे. अमेरिकेच्या मिशिगन राज्यात जॉन पार्सन्स हेलिकॉप्टरची पाती तयार करीत. पात्याच्या छेदाची आकृती १७ बिंदूंनी दिली जाई आणि मधली रेघ आखणाऱ्याने हाताने पुरी करावयाची असे. १९४० नंतरच्या दशकात पार्सन्स आणि त्यांचे सहकारी फ्रँक स्ट्यूलेन यांनी छिद्रपत्रांच्या गणनयंत्रावर त्याच आकृतीचे २०० बिंदू काढले. त्या विचाराचा पुढे विस्तार होऊन १९५२ साली मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यासंस्थेत अंकांच्या आज्ञेवर चालणारे मिलिंग यंत्र जगापुढे आले.

मग बिंदू भरपूर घ्यावेत, म्हणजे झाले, असे कोणालाही वाटेल. तसे नाही. ५० मिलिमीटर त्रिज्येच्या वळणावर ०.०१ मिलिमीटरपर्यंतची चूक चालणार असेल, तर बिंदू २ मिलिमीटर अंतरावर असले तरी पुरतात. त्रिज्या ५ मिलिमीटर असेल, तर तेच अंतर सुमारे ०.६३ मिलिमीटरवर आणावे लागते. सपाट भागी दोन टोकांचे दोन बिंदू पुरे. अंतर निम्मे केले की चूक जवळजवळ चौथाईवर येते. थोडक्यात, वळण जेथे तीव्र, तेथे बिंदू दाट हवेत.

अतिरेकाचाही दंड आहेच. मिनिटास ३००० मिलिमीटर वेगाने धावणाऱ्या हत्याराला ०.०२ मिलिमीटरवर बिंदू दिले, तर यंत्राला सेकंदास २५०० आज्ञा वाचाव्या लागतील. ज्या यंत्राची तेवढी कुवत नाही, ते अडखळते, मंदावते, आणि त्या अडखळण्याच्या खुणा धातूवर उमटतात.

आणखी एक सूक्ष्म दोष आहे. केवळ चुकीची मर्यादा पाहून बिंदू टाकले, तर शेजारशेजारच्या दोन फेऱ्यांत ते मागेपुढे पडतात. प्रत्येक फेरी मोजमापात बरोबर असूनही पृष्ठभागावर उजेड तिरपा पडला की चट्टे दिसू लागतात. म्हणून शेवटच्या फिनिशिंगसाठी जाणते कारागीर चुकीची मर्यादा आणखी घट्ट करतात आणि दोन बिंदूंमधील कमाल अंतरही बांधून देतात, म्हणजे बिंदू सर्वत्र सारखे पसरतात.

हा प्रश्न केवळ गणिताचा नाही. साच्यावर राहिलेला चट्टा त्यातून निघणाऱ्या प्रत्येक वस्तूवर उतरतो. तो घालविण्यासाठी कोणीतरी पॉलिश-कागद घेऊन तासन्‌तास घासत बसतो. बेळगावच्या उद्यमबागेपासून वडोदऱ्याच्या कारखान्यांपर्यंत आपल्या कितीतरी घरांतील मुले अशा यंत्रांपुढे उभी असतात. संगणकाने आपणहून सुचविलेला आकडा मुकाट्याने न स्वीकारता, वळण कोठे आहे, यंत्राची कुवत किती आणि पृष्ठभाग कशासाठी हवा, हे विचारण्याची सवय त्यांनी लावून घ्यावी, असे आम्हांस मनापासून वाटते. ठिपके संगणक मांडील. ते किती व कोठे, हे ठरविणारी नजर मात्र माणसाचीच हवी.