संदेश पुसणारे विकर

मेंदूतल्या एका पेशीने दुसरीला धाडलेला संदेश लगेच पुसला गेला नाही, तर पुढचा संदेश उमटायला जागाच उरत नाही. लक्ष देणे, शिकणे, लक्षात ठेवणे यांत ज्याचा मोठा वाटा आहे, त्या ॲसिटाइलकोलीन या संदेशवाहक रसायनाच्या बाबतीत हे पुसण्याचे काम ॲसिटाइलकोलिनेस्टरेज हे विकर, म्हणजे एन्झाइम, करते. त्याचा एकेक रेणू सेकंदाला ॲसिटाइलकोलीनचे हजारो रेणू फोडतो.

1991 मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेतील जोएल ससमन, इस्रायल सिलमन आणि सहकाऱ्यांनी या विकराची त्रिमितीय रचना उलगडली. त्यांनी ते टॉर्पेडो या विजेचा झटका देणाऱ्या माशाच्या विद्युत-अवयवातून मिळवले होते, कारण तिथे ते विपुल असते. माणसाच्या विकराची रचना पुढे मिळाली, तीही त्याच धाटणीची निघाली.

या रचनेने सगळ्यांना चकित केले. इतक्या चपळ विकराचे काम पृष्ठभागावर, हाताशी चालत असेल असे कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात ते चालते सुमारे दोन नॅनोमीटर खोल, अरुंद घळीच्या तळाशी. ॲसिटाइलकोलीनवर धन विद्युतभार असतो, म्हणून त्याला धरून ठेवणारी जागा ऋणभारित असणार, असा जुना अंदाज होता. तिथे सापडले ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल, ज्यावर निव्वळ भारच नाही. त्याच्या कड्यांतला इलेक्ट्रॉनांचा ढग धनभाराला सांभाळतो. मला या विकरातली सर्वांत देखणी गोष्ट हीच वाटते.

तळाशी सेरीन, हिस्टिडीन आणि ग्लुटामेट या तीन अमिनो आम्लांची जोडणी आहे. सेरीन ॲसिटाइल गट स्वतःकडे घेते, कोलीन सुटते. मग पाण्याचा रेणू येऊन सेरीनला मोकळे करतो आणि पुढची खेप सुरू होते.

ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशके नेमके याच सेरीनला गाठतात. त्यांचा फॉस्फरसवाला गट तिथे घट्ट बसतो आणि पाण्याला तो सहजी सोडवता येत नाही. मग मेंदूतच नव्हे, ग्रंथी आणि स्नायूंपाशीही ॲसिटाइलकोलीन साचत जाते: लाळ, घाम, बारीक झालेल्या बाहुल्या, स्नायूंचे फडफडणे, छातीत भरलेला स्राव, अडकणारा श्वास. डॉक्टर ॲट्रोपिन देतात, त्याने साचलेल्या ॲसिटाइलकोलीनचा बराचसा परिणाम अडतो. पीएएम हे दुसरे औषध सेरीनवरचा गट ओढून काढू शकते, पण वेळेत दिले तरच. उशीर झाला की तो बंध पक्का होतो आणि ते विकर कायमचे निकामी होते.

याच विकराला हलकेच, सुटता येईल असे रोखले तर ते औषध ठरते. अल्झायमरमध्ये ॲसिटाइलकोलीन बनवणाऱ्या पेशी कमी होत जातात. डोनेपेझिल हे असेच एक औषध उरलेले ॲसिटाइलकोलीन थोडे जास्त वेळ टिकवते. आजार त्याने थांबत नाही, काही रुग्णांना काही काळ आधार मिळतो.

2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. तिथे वापरल्या गेलेल्या कीटकनाशकांत मोनोक्रोटोफॉस आणि प्रोफेनोफॉस ही ऑर्गॅनोफॉस्फेटही होती. म्हणून कळकळीने सांगतो: फवारणाऱ्याला गरगरू लागले, लाळ-घाम सुटला, दम लागला, तर स्वतःच्या हाताला विष लागू न देता त्याचे कपडे उतरवा, अंग साबण-पाण्याने धुवा आणि घरगुती उपायांत वेळ न घालवता त्याला दवाखान्यात न्या. फवारणीच्या औषधाची बाटली किंवा तिच्यावरची चिठ्ठी बरोबर घ्या. कोणते विष आहे हे डॉक्टरांना तिच्यावरूनच चटकन कळते.