पत्त्याची किंमत

परवा रात्री न्यू जर्सीहून भाचीचा फोन आला. इकडच्या उन्हाळ्याच्या, आंब्यांच्या गोष्टी झाल्या आणि मग ती हळूच म्हणाली, "मामा, आईचा डोंबिवलीचा फ्लॅट विकून टाकावा म्हणते. तू बँकेत होतास, तुला अंदाज असेल. किती येतील?"

फ्लॅट का विकायचा, ते मग कळले. तिची मुलगी गेली दोन वर्षे घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजात शिकते आहे. या कॉलेजांत दोन वर्षे काढायची आणि उरलेली दोन वर्षे मोठ्या विद्यापीठात जाऊन पदवी घ्यायची, ही तिकडची रुळलेली वाट. मुलीला समुद्रविज्ञान शिकायचे आहे. त्यासाठी तिला हवे आहे कॅलिफोर्नियातले सान दिएगोचे सरकारी विद्यापीठ. प्रवेश मिळाला आहे आणि १ जूनपर्यंत होकार कळवायचा आहे.

"अगं, सरकारी विद्यापीठ ना? मग फ्लॅट कशाला?" मी विचारले. आपल्या मनात सरकारी म्हणजे स्वस्त, असे समीकरण पक्के असते. अमेरिकेतही ते खरे आहे, पण फक्त त्या राज्यात राहणाऱ्यांसाठी. तिथली सरकारी विद्यापीठे दिल्लीची नव्हेत, त्या त्या राज्याची. राज्यातले लोक कर भरतात, म्हणून त्यांच्या मुलांना फी कमी. बाहेरचा आला की त्याने जास्त मोजायचे. कॉलेज बोर्डाच्या आकड्यांनुसार २०२४-२५ साली चार वर्षांच्या सरकारी संस्थांत राज्यातल्या विद्यार्थ्याची सरासरी फी ११,६१० डॉलर होती, परराज्यातल्याची ३०,७८०. वर्ग तोच, प्राध्यापक तेच, बाकही तोच. फरक फक्त पत्त्याचा.

आपल्याला हे नवे वाटायचे कारण नाही. डोमिसाईलच्या दाखल्यासाठी कचेरीच्या पायऱ्या झिजवलेले पालक प्रत्येक गल्लीत सापडतील. आपल्याकडे पत्त्यावरून जागा मिळते की नाही ते ठरते. तिथे जागा मिळते, पण पत्त्यावरून तिची किंमत ठरते.

या किमतीवरून तिथे सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडण गेले होते. १९७१ साली मार्गारेट क्लाइन ही कॅलिफोर्नियात शिकणारी मुलगी लग्न करून कनेटिकट राज्यात आली आणि तिथल्या सरकारी विद्यापीठात शिकू लागली. घर तिथे, मतदारयादीत नाव तिथे, गाडी चालवायचा परवानाही तिथलाच. पण अर्ज केला तेव्हा ती कॅलिफोर्नियात होती, म्हणून शिक्षण संपेपर्यंत ती परकीच, असे राज्याचा कायदा म्हणत होता. एका सत्राला राज्यातल्या विद्यार्थ्याला १७५ डॉलर आणि तिला ६२५! १९७३ साली न्यायालयाने तो कायदा रद्द केला. आपण इथले झालो आहोत हे सिद्ध करण्याची संधीच न देणे अन्यायाचे आहे, असा निकाल दिला. पण बाहेरच्यांना जास्त फी लावण्याचा आणि रहिवासाच्या वाजवी अटी घालण्याचा राज्यांचा अधिकार मात्र न्यायालयाने शाबूत ठेवला.

त्या अटी राज्यांनी पुढे चांगल्याच घट्ट केल्या. भाची म्हणाली, "एक वर्ष तिथे राहिली की ती तिथलीच होईल ना?" पुष्कळ पालक याच भरवशावर उडी मारतात. कॅलिफोर्नियात वर्षाहून एक दिवस अधिक, म्हणजे ३६६ दिवस, राहावे लागते हे खरे. पण मूल चोवीस वर्षांच्या आतले असेल आणि आईवडील दुसऱ्या राज्यात असतील, तर ते स्वतःच्या कमाईवर जगते हेही दाखवावे लागते. आईने फ्लॅट विकून फी भरायची आणि मुलीने स्वावलंबी असल्याचे लिहून द्यायचे, हे एकाच कागदावर बसणार कसे?

बँकेत कर्ज मागायला येणाऱ्याला मी पहिला प्रश्न विचारत असे, 'एकूण किती लागणार?' लोक पहिल्या हप्त्याचा आकडा सांगत. इथेही तेच होते. म्हणून मी भाचीला म्हटले, कागद घे आणि मांड.

कॅलिफोर्निया विद्यापीठात २०२५-२६ साली नव्याने आलेल्या परराज्यातल्या विद्यार्थ्याला नेहमीच्या फीवर वर्षाला ३७,६०२ डॉलर जादा होते. दोन वर्षांचे झाले ७५,२०४. मूळ फी, खोलीभाडे, जेवण, विमानाचे तिकीट हे सगळे त्याच्या वर. आता कर्ज बघू. तिसऱ्या आणि चौथ्या वर्षाला विद्यार्थ्याच्या नावावर सरकारी कर्ज मिळते ते जास्तीत जास्त ७,५०० डॉलर. आईवडिलांच्या नावावरच्या कर्जाला २०२५ च्या कायद्याने मर्यादा घातली आहे. १ जुलै २०२६ पासूनच्या नव्या कर्जांना ती वर्षाला २०,००० आहे. दोन्ही मिळून २७,५००. म्हणजे पूर्ण कर्ज काढले तरी नुसता जादा आकारसुद्धा भागत नाही! शिवाय पालकांच्या कर्जाचा व्याजदर २०२४-२५ साली ९.०८ टक्के होता. भाचीकडे ग्रीन कार्ड आहे म्हणून एवढे तरी. एच-४ व्हिसावरच्या मुलांना हे सरकारी कर्ज मिळतच नाही.

आणि दोन वर्षांची खरोखर दोनच होतील कशावरून? कॉलेज बदलताना आधीचे सगळे विषय नवे विद्यापीठ धरतेच असे नाही. २०१७ साली अमेरिकी सरकारच्या लेखापरीक्षण कार्यालयाने एक अहवाल दिला. २००४ ते २००९ या काळात कॉलेज बदललेल्या विद्यार्थ्यांची सरासरी ४३ टक्के क्रेडिट्स वाया गेली, असा त्यात अंदाज आहे. न्यू जर्सीत २००८ पासून कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षांची पदवी राज्यातल्या सरकारी विद्यापीठांनी मान्य करण्याचा करार आहे. पण तो करार राज्याच्या सीमेवर संपतो. सान दिएगोत वर्षाची तीन सत्रे असतात; एक सत्र वाढले तर जादा आकाराचेच आणखी १२,५३४ डॉलर.

सवलतीच्या वाटा नाहीत असे नाही. पश्चिमेकडच्या राज्यांचा एक करार आहे, त्यात सामील विद्यापीठांत शेजारच्या राज्यातल्या मुलांना स्थानिक फीच्या दीडपटीपर्यंतच आकारतात. मध्यपश्चिमेत, दक्षिणेत आणि न्यू इंग्लंडमध्येही असे करार आहेत. ज्यांची मुले त्या राज्यांत आहेत त्यांनी जरूर चौकशी करावी. न्यू जर्सी मात्र यांपैकी एकाही करारात नाही.

फोनवर बराच वेळ कोणी बोलले नाही. मग नातीचाच आवाज आला. ती आईच्या शेजारी बसून सगळे ऐकत होती. "आजोबा, सरळ नाही म्हणा ना."

मी नाही म्हणत नव्हतो. तिला म्हटले, "बाळा, होकार कळवण्याआधी दोन कागद माग. माझी किती क्रेडिट्स धरणार आणि पदवीला किती सत्रे लागणार, हे सान दिएगोकडून लेखी. तेच तुमच्या राज्याच्या विद्यापीठाकडून लेखी. समुद्रविज्ञान रटगर्समध्येही शिकवतात. आणि तिकडे विज्ञानात पीएच.डी. करणाऱ्याची फी बहुधा विद्यापीठच भरते, वर खर्चाला पैसेही देते. पदवी घरच्या राज्यात घेऊन दोन वर्षांनी कॅलिफोर्नियात गेलीस, तर तेच तुला पैसे देतील."

"आणि तेव्हा नाही घेतलं तर?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. वीस वर्षांच्या मुलीला दोन वर्षे थांब म्हणणे सोपे नाही. समोर उघडलेले दार पुन्हा उघडेल याची हमी कोणतीही बँक देत नाही. पण तिची आई पन्नाशीला आली आहे. फ्लॅट एकदाच विकता येतो आणि म्हातारपणासाठी कोणी कर्ज देत नाही, हेही मी तिला सांगितले. नातीने ते ऐकून घेतले. दोन्ही कागद मागवते म्हणाली.

फोन ठेवताना भाचीने पुन्हा विचारले, "मामा, पण फ्लॅटचे किती येतील?"

मी म्हटले, "कागद येऊ देत. मग सांगतो."