सांदण दरी : कातळाच्या फटीतून कोकणात

सह्याद्रीत दऱ्या पुष्कळ, पण सांदणची तऱ्हाच न्यारी! भंडारदऱ्यापलीकडे, अकोले तालुक्यातल्या साम्रद गावाबाहेर पठार चालत जावं, तर पुढे जमीन दुभंगलीय हे अगदी जवळ जाईपर्यंत कळतच नाही. आत उतरलं की दोन्ही अंगांना काळ्या बेसॉल्टच्या सरळसोट भिंती, वर आभाळाची चिंधी.

हा कातळ साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्यातल्या भेगांमध्ये पावसाचं पाणी घुसलं आणि त्यांनाच खोल कापत गेलं. तळाशी पायवाट अशी नाहीच, नुसते धोंडे, काही तर मोटारीएवढे. चालणं कमी, बसत-घसरत उतरणंच जास्त.

वाटेत दोन डोह लागतात. हिवाळ्याच्या सुरुवातीला दुसऱ्यात छातीपर्यंत पाणी असू शकतं. पिशवीतलं सामान प्लॅस्टिकमध्ये बांधाच. पुढचे कडे दोराशिवाय उतरायचे नाहीत. खाली पोचल्यावर शहापूरकडच्या डेहणे गावी निघा, नाहीतर करोली घाटाने परत साम्रदला चढा.

पावसाळ्यात बिलकूल नको. लोंढा आला तर बाजूला सरकायला जागाच नाही. माझा आग्रह एकच, साम्रदचा वाटाड्या सोबत घ्या.