दुहेरी दिसलं म्हणजे ‘डबल डाय’ नव्हे

जुन्या नाण्यावरचं साल भिंगाखाली दुहेरी दिसलं की पुष्कळांना घबाड सापडल्यासारखं वाटतं. ‘दुहेरी दिसतंय ना, म्हणजे डबल डाय,’ हा या छंदातला सगळ्यात खर्चिक गैरसमज. विकणारेही तो दूर करायच्या भानगडीत पडत नाहीत.

डबल डाय म्हणजे दोनदा छापलेलं नाणं, असंही अनेक जण समजतात. पण इथे नाणं एकदाच छापलेलं असतं; दुहेरीपण ठशातच असतं. पूर्वी उठावाचा मूळ ठसा पोलादावर दाबून नाणी पाडायचा ठसा बनवत. एका दाबात नक्षी पुरेशी खोल उतरत नसे, म्हणून पोलाद तापवून मऊ करायचं आणि पुन्हा दाबायचं. दुसऱ्या वेळी जरा फिरलं, की अक्षरं ठशातच दुहेरी उमटत आणि त्यातून निघणारं प्रत्येक नाणं तसंच येई.

याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे फिलाडेल्फिया टांकसाळीचा 1955चा लिंकन सेंट. चूक लक्षात आली तोवर ही नाणी चांगल्या नाण्यांच्या ढिगात मिसळली होती. वीस हजारांहून जास्त तशीच बाहेर पडली. त्यांतली बरीचशी सिगारेटच्या पाकिटांतून लोकांच्या हाती गेली, कारण पाकीट 23 सेंटचं, विक्रीच्या यंत्रात टाकायचे 25, आणि उरलेले दोन सेंट वेष्टनातच ठेवलेले असत. या नाण्यावरचं साल आणि कडेची अक्षरं नुसत्या डोळ्यांना दुहेरी दिसतात. लिंकनचा चेहरा मात्र जवळपास जसाच्या तसा आहे, कारण ठसा गोल फिरला होता आणि मध्यापाशी फरक नगण्य पडतो.

बाकी बहुतेक ‘दुहेरी’ नाणी यंत्राची करणी असतात. ठसा प्रेसमध्ये सैल असला तर छाप पडल्यावर तो किंचित सरकतो आणि अक्षराची कड चेपतो. अशा अक्षराशेजारी सपाट, चकचकीत पायरी दिसते आणि मूळ अक्षर बारीक होतं. खऱ्या डबल डायमध्ये उलट: अक्षर जाड होतं, दोन्ही छापांना गोलाई असते आणि अक्षराच्या टोकाला खाच पडते. नाणं तिरकं धरून उजेडात फिरवा, पायरी लगेच चमकते.

टांकसाळीच्या खुणेकडेही बघावं. अमेरिकेत 1980च्या दशकाच्या अखेरपर्यंत ती तयार ठशावर हाताने वेगळी ठोकत. म्हणून सॅन फ्रान्सिस्कोच्या 1969च्या खऱ्या डबल डाय सेंटवर साल दुहेरी, पण ‘एस’ एकेरी. सालासोबत ‘एस’ही त्याच दिशेने सरकलेला दिसला तर ते यंत्राचं काम.

झिजलेल्या ठशामुळेही आकड्याभोवती धूसर सावली येते. 1955च्याच काही सेंटांवर शेवटचा पाच तसा दिसतो. ‘गरिबाचा डबल डाय’ म्हणून तो विकतात. पैसे मोजायचे ते नावासाठी.

आणि आपल्याकडचं मराठेशाहीतलं तांब्याचं नाणं, शिवराई? तिच्यावरची दुहेरी अक्षरं पाहून कुणी ‘दुर्मीळ’ म्हणालं तर हसून सोडून द्यावं. ती हाताने, हातोड्याच्या घावाने पाडलेली. पहिल्या घावानंतर तांब्याची चकती हलली की दुसरा छाप सरकून बसे. हे नेहमीचंच होतं. उलट दोन छाप एकमेकांत मिसळून अक्षरं वाचताच येत नसतील, तर किंमत उतरते. जाणकार ‘श्री राजा शिव’ स्वच्छ वाचता येणारी शिवराई आधी उचलतो.