कंट्रोलर म्हणतो खाली, यंत्र म्हणतं वर, ऐकायचं कुणाचं?

दोन विमानं आकाशात धोकादायकरीत्या जवळ आल्याची बातमी आली की एक वाक्य हमखास कानावर पडतं: ‘वैमानिकानं कंट्रोलरचं ऐकायला हवं, यंत्राच्या नादी कशाला लागायचं?’ शिकलेसवरलेले लोकही हे ठासून सांगतात. हे साफ चूक आहे.

टक्कर टाळणारी टीकॅस यंत्रणा आसपासच्या विमानांच्या ट्रान्सपॉन्डरना (प्रश्नाला रेडिओवरून आपोआप उत्तर देणाऱ्या यंत्रांना) सतत विचारत असते. उत्तरांवरून तिला त्यांचं अंतर, उंची आणि गाठ पडायला किती सेकंद उरलेत हे कळतं. आधी ती ‘ट्रॅफिक, ट्रॅफिक’ एवढंच बोलते. वैमानिक सावध होतात, विमान मात्र हलवत नाहीत. धोका टळला नाही तर साधारण १५ ते ३५ सेकंद आधी थेट आदेश येतो: ‘क्लाइम्ब’ किंवा ‘डिसेंड’. दोन्ही विमानांत टीकॅस असेल तर हा आदेश देण्यापूर्वी दोन्ही यंत्रांनी आपसांत ठरवलेलं असतं, मी वर आणि तू खाली. जमिनीवरच्या कंट्रोलरला ही बोलणी सहसा दिसतच नाहीत आणि त्याच्या पडद्यावरचं चित्रही काही सेकंद जुनं असतं. मग त्या क्षणी त्याचं ऐकायचं ते कशाच्या भरवशावर?

१ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीतल्या युबरलिंगेनच्या आकाशात नेमकं हेच झालं. बाश्किरियन एअरलाइन्सचं तुपोलेव्ह आणि डीएचएलचं मालवाहू बोइंग ७५७ एकाच उंचीवर, ३६,००० फुटांवर होती. हे आकाश सांभाळणाऱ्या झुरिकमध्ये एकटाच कंट्रोलर दोन जागा सांभाळत होता. देखभालीच्या कामामुळे फोन बंद, पडद्यावरची धोक्याची सूचनाही बंद. त्यानं तुपोलेव्हला खाली यायला सांगितलं. सातच सेकंदांत टीकॅसनं तुपोलेव्हला ‘क्लाइम्ब’ आणि बोइंगला ‘डिसेंड’ सांगितलं. तुपोलेव्हच्या सहवैमानिकानं यंत्र वर जायला सांगतंय हे बोलूनही दाखवलं, पण कंट्रोलरनं पुन्हा खाली यायला सांगितलं आणि विमान खालीच येत राहिलं. बोइंगनं यंत्राचं ऐकलं, तेही खाली आलं. ७१ माणसं गेली, त्यांत बरीच शाळकरी मुलं होती.

यावर ‘यंत्र बिघडलं असेल’ म्हणणाऱ्यांनी जर्मन अपघात तपास संस्थेचा २००४ चा अहवाल वाचावा. यंत्र बरोबर होतं, दोघांनी ऐकलं असतं तर विमानं एकमेकांपासून लांब गेली असती. त्या वैमानिकांना दोष देऊन मोकळं होणंही अन्यायाचं आहे. तेव्हाचे नियमच अपुरे आणि काही ठिकाणी परस्परविरोधी होते, असंही तोच अहवाल सांगतो. त्या अपघातानंतर आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेनं नियम निःसंदिग्ध केला: कंट्रोलर उलट सांगत असला तरी टीकॅसचा आदेश पाळायचा आणि त्याच्या विरुद्ध दिशेला कधीही जायचं नाही. स्टॉल (पंखांची उचल संपणं) किंवा जमीन जवळ आल्याचे इशारे मात्र टीकॅसच्या वर.

कॉकपिटमध्ये आदेश पाळणं पाच सेकंदांत सुरू व्हावं लागतं. बहुतेक विमानांत वैमानिक ऑटोपायलट काढतो आणि चढण्या-उतरण्याचा वेग दाखवणारा काटा लाल पट्ट्यातून हिरव्यात नेतो. सहसा मिनिटाला १५०० फूट पुरतात. रेडिओवर ‘टीकॅस आरए’, म्हणजे टीकॅसचा आदेश आलाय, एवढंच कळवतो. यानंतर, धोका टळल्याचं वैमानिक सांगेपर्यंत, कंट्रोलरनं त्या विमानाचा मार्ग बदलायचा नसतो.

बाकीचे गैरसमज किरकोळ. टीकॅस डावी-उजवीकडे वळायला सांगत नाही, फक्त वर-खाली. तिला सगळं दिसतं असंही नाही: २००६ मध्ये ब्राझीलवर गोल कंपनीच्या बोइंगला धडकलेल्या छोट्या जेटचा ट्रान्सपॉन्डर बंद होता, म्हणून दोन्ही विमानं एकमेकांना अदृश्य राहिली. १९९६ च्या चरखी दादरीच्या टकरीत, जिथे ३४९ जण गेले, टीकॅस ‘फेल’ झाली नव्हती, ती दोन्ही विमानांत नव्हतीच. आणि प्रत्येक आदेश म्हणजे थोडक्यात हुकलेला अपघात नव्हे. खालचं विमान वेगानं चढत येत असेल तर ते हजार फूट खालीच थांबणार आहे हे यंत्राला माहीत नसतं, ते आदेश देऊन मोकळं होतं. म्हणून नेमून दिलेल्या उंचीच्या शेवटच्या हजार फुटांत चढण्याचा वेग मिनिटाला १५०० फुटांखाली आणावा, अशी वैमानिकांना सूचना असते.